सातारकर, ‘ऐकीव गप्पा’ म्हणजे काय ते एकदा ठरवूया

नमस्कार सातारकर,

नाव दिलेलं नाहीत, खाली ‘एक सातारकर रेल्वेप्रेमी’ एवढीच सही आहे, म्हणून असंच म्हणतो. मिरज-लोंढा-मुरगाव मार्गावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया गुरुवारी रात्री वाचली. शुक्रवारी उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. आज रविवार आहे, डोकं जरा थंड आहे, म्हणून पुन्हा बसलोय.

लेख न वाचता थेट इथे येणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक, गोव्याची रेल्वे सुरू झाल्याचं साल मी चुकवलं. दोन, ही लाइन हुबळी-बेल्लारीकडचा कापूस मुरगाव बंदरात न्यायला होती, मी उगीच मिरजेला मधोमध बसवलं. आणि तीन, जे तुम्ही शेवटी ठेवणीतलं काढलंत: “वडिलांच्या ऐकीव गप्पांवर रेल्वेचा इतिहास लिहीत नसतात, त्याला कागद लागतात.”

पहिलं मान्य. मुरगावपासून गोव्याच्या हद्दीजवळच्या कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग 1888 मध्ये खुला झाला, मी 1886 लिहिलं होतं. टाइप करताना बोट घसरलं. दोन वर्षांची चूक ही चूकच, आणि ती दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता तिसरं. हे ‘ऐकीव’ जरा सोलून बघूया.

माझे वडील मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरच्या छोट्या गाडीवर, गार्ड होते. 1953 ला लागले, पहिली काही वर्षं लोंढ्याला काढली, नंतर मिरज. लोंढा ते कॅसलरॉक हा त्यांचा रोजचा रस्ता होता, कुणाकडून ऐकलेला नव्हे. कॅसलरॉकला आपल्या बाजूची जकात, घाट उतरून गोव्यातल्या कुळ्याला पोर्तुगीजांची. कुळ्याला माणसं सामानासकट खाली उतरायची, ट्रंका उघडल्या जायच्या, नव्या लुगड्याची घडीसुद्धा मोडून बघायचे. हे कुठल्या दप्तरात सापडेल तुम्हाला? सापडलं तर मलाही कळवा. दप्तरात वजन मिळेल, दर मिळेल, दंडाची पावती मिळेल. लुगड्याची घडी मोडल्यावर त्या बाईचं तोंड कसं झालं होतं, ते गार्डच सांगणार.

आणि घाट. कॅसलरॉक ते कुळे सुमारे 26 किलोमीटर, चढ 37 ला 1. म्हणजे 37 फूट पुढे जाताना एक फूट वर. गाडी वर चढवायला मागून बँकर इंजिन लावायचं, उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय सोडायची नाही, आणि गाडी सुटलीच हातातून तर तिला अडवायला चढावर नेलेला बाजूचा रूळ, म्हणजे कॅच सायडिंग. हे सगळं पुस्तकात आहे, मलाही ठाऊक आहे. पण दूधसागरच्या धबधब्यासमोरून पावसाळ्यात ब्रेकव्हॅन (गार्डचा शेवटचा डबा) जाते तेव्हा हातबत्तीची काच धुरकटते आणि पुढचं इंजिन दिसेनासं होतं, शिट्टीवरून अंदाज घ्यावा लागतो, हे वडिलांनी सांगितलं. तुमच्या लेखी या गप्पा. आमच्या घरी याला नोकरी म्हणायचे.

ऑगस्ट 1955 घ्या. गोव्यात सत्याग्रहींवर गोळीबार झाला, पाठोपाठ भारत सरकारनं नाकेबंदी केली आणि हद्दीपलीकडे जाणारी गाडी थांबली. कागद तुम्हाला तारीख देईल. वडील सांगायचे ते एवढंच, की कॅसलरॉकच्या पुढचा रूळ बघता बघता गंजला. वापरातला रूळ वरून चकचकीत असतो, गाडी गेली नाही की तांबूस होतो. सहा वर्षं तो तसाच होता. डिसेंबर 1961 नंतर पुन्हा गाडी सुरू झाली तेव्हा त्यांची बदली मिरजेला झाली होती. याची चुटपुट त्यांना शेवटपर्यंत होती.

तर ‘ऐकीव’ हा शब्द मी तुम्हाला परत करतो. तुम्ही स्वतः त्या घाटातून मीटरगेजनं गेला आहात का? राग मानू नका, पण साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला. शिट्टी ऐकायची तरी वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. आम्ही मिरजेची पोरं शंटिंगच्या आवाजात पाढे पाठ करत होतो. (हे जरा जास्त झालं, कळतंय. पण सुरुवात माझी नाही.)

आणि कागद मी बघितलेच नाहीत असं कसं ठरवलंत? 1876-78 च्या दुष्काळानंतर धान्य हलवता यावं म्हणून या भागात रेल्वे हवी झाली, 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली, धारवाडला तिचं मुख्यालय होतं, 1908 ला ती मद्रास रेल्वेत मिळाली आणि आमच्या आजोबांच्या तोंडी ‘एम एस एम’ (मद्रास अँड सदर्न मराठा) झाली. हे लेखात पहिल्या दोन परिच्छेदांत आहे. 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करारही आहे, गोव्याच्या मिठाची मक्तेदारी इंग्रजांनी वर्षाला 4 लाख रुपये देऊन घेतली तेसुद्धा आहे. तुम्ही थेट वडिलांच्या परिच्छेदावर उतरलात, वरचं वाचलंत की नाही शंका आहे.

राहिला कापूस. हो, कापूस हुबळीकडचा होता. पुणे-लोंढा मार्ग पुरा व्हायला 1890 उजाडलं, तोवर गोव्याची गाडी लोंढ्याहून हुबळीकडे जोडली गेलेलीच होती. मी याच्या विरुद्ध कुठे काय लिहिलंय? मिरज मध्यभागी आहे कारण मी मिरजेत राहतो. साताऱ्यात राहत असतो तर कोरेगाव-रहिमतपूर मध्यभागी आले असते. लेखाच्या नावातच मिरज आहे, फसवणूक केलेली नाही.

आणि मिरज काही आगंतुक नव्हे. 1891 ला कोल्हापूर संस्थानची लाइन इथे येऊन मिळाली, पुढे पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आली. 1971 च्या सुमारास पुण्याहून ब्रॉडगेज आली तेव्हा एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. मुंबईचा माणूस रात्री मोठ्या गाडीतून उतरून, होल्डॉल हमालाच्या डोक्यावर देऊन, पहाटे गोव्याच्या छोट्या गाडीत जागा धरायला पळायचा. ती पळापळ मी डोळ्यांनी बघितली आहे. त्या गर्दीत चहा विकणारा माझ्या वर्गातला एक मुलगा मुंबईकर, गोवेकर आणि बेळगावकर चालीवरून ओळखायचा. हासुद्धा ऐकीव समजा हवं तर.

तुमच्या प्रतिक्रियेतले बाकीचे मुद्दे, म्हणजे शीर्षक लांब आहे, फोटो अस्पष्ट आहे, ‘कुळे’ की ‘कुळें’ वगैरे, यावर लिहीत बसत नाही. फोटो वडिलांच्या ट्रंकेतला आहे, तो अस्पष्टच राहणार.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नाव लिहा. मी माझं आणि वडिलांचं, दोन्ही लिहिलंय.

साल दुरुस्त केलं. आत्ताच. 1888.