टोन बदलताना आवाज तुटतो, पण दोष लॅपटॉपचा नाही

कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सॉफ्टवेअरवरची वाद्यं स्टुडिओत ठीक आहेत, लाइव्ह कार्यक्रमात ती आणू नका. त्यासाठी पाच कारणं दिली आहेत. टोन (कीबोर्डवर निवडलेलं वाद्य) बदलताना आवाज तुटतो. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक ज्या संदेशांनी बोलतात त्या भाषेत, १२८च टोन बसतात आणि बरेच प्लगइन (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) तर प्रोग्राम चेंजला, म्हणजे टोन बदलायच्या संदेशाला, दादच देत नाहीत. प्रत्येक टोनसाठी वेगळं वाद्य उघडावं लागतं, त्यामुळे रॅम पुरत नाही. गाण्यांचा क्रम किंवा गायकाची पट्टी ऐनवेळी बदलली की माउस शोधत बसावं लागतं. आणि शेवटचं, लॅपटॉप कधीही बंद पडेल, कीबोर्ड पडत नाही.

मी भावगीतांच्या आणि जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत कीबोर्डची साथ करतो, लॅपटॉप घेऊनच. या मजकुराखाली ‘अगदी बरोबर’ लिहिणाऱ्यांत नुकती सुरुवात केलेली मुलं बरीच दिसली. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे, साधा मिडी कीबोर्ड आहे, आणि हे वाचून ती हप्त्यांवर वर्कस्टेशन (सगळे टोन आतच असलेला मोठा कीबोर्ड) घ्यायच्या गोष्टी करतायत. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आवाज तुटतो हे सगळ्यांना पटतं, कारण तो अनुभव खरा आहे. व्हायोलिनचं म्युझिक संपत आलेलं असतं, शेवटचा सूर अजून धरलेला असतो, बासरीसाठी बटण दाबावं तर सूर मध्येच कापला जातो आणि बासरी उमटायला वेळ लागतो. तेवढ्यात गायिकेने अंतरा उचललेला असतो. पण हा वेळ मिडीत जात नाही. पाच पिनांच्या केबलवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. बँक (टोनचा गट) निवडीचे दोन संदेश आणि प्रोग्राम चेंज मिळून आठ बाइट होतात आणि त्यांना जेमतेम अडीच मिलिसेकंद लागतात. वेळ जातो तो सॅम्पल, म्हणजे वाद्याचे रेकॉर्ड केलेले आवाज, डिस्कवरून मेमरीत भरताना. वाद्याच्या एकाच खिडकीत व्हायोलिन काढून बासरी भरायला सांगितली, तर आधी व्हायोलिन जाणार, मग बासरी येणार, आणि मधल्या काळात काहीच वाजणार नाही.

म्हणून गाणं चालू असताना काहीही भरायचं नाही. व्हायोलिन आणि बासरी दोन्ही कार्यक्रमाआधीच उघडून ठेवायची. टोन बदलताना फक्त एवढंच ठरतं की बोटांखालचे सूर आता कोणत्या वाद्याकडे जायचे. मेनस्टेज, गिग परफॉर्मर, कॅन्टाबिले ही सॉफ्टवेअर याच कामासाठी बनवलेली आहेत. मेनस्टेजमध्ये कॉन्सर्ट (पूर्ण कार्यक्रमाची फाइल) उघडली की तिच्यातले सगळे पॅच (तयार करून ठेवलेले टोन) मेमरीत येऊन बसतात. गिग परफॉर्मरमध्ये रॅकस्पेस असतात, कॅन्टाबिलेमध्ये रॅक आणि स्टेट. नावं वेगळी, काम तेच. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच ट्रॅक उघडून त्यावर प्रीसेट बदलत वाजवणाऱ्याला आवाज तुटलेला ऐकू येणारच. पण त्यावरून ‘सॉफ्टवेअर स्टेजवर चालत नाही’ असं म्हणता येत नाही.

अर्थात वाद्यं आधी भरली म्हणजे सगळं झालं असं नाही. यापुढचे बारकावे त्या मजकुरात कुठेच नाहीत, आणि बहुतेकांची अडचण तिथेच होते.

व्हायोलिनचा सूर धरून ठेवला आणि पायाने पुढचा पॅच घेतला. आता बोट उचललं की ‘सूर सोडला’ हा संदेश कोणाकडे जाणार? तो बासरीकडे गेला तर व्हायोलिन वाजतच राहील. चांगलं होस्ट सॉफ्टवेअर (मेनस्टेजसारखं, ज्याच्यात ही वाद्यं उघडतात ते) कोणता सूर कोणत्या वाद्यावर सुरू झाला होता हे लक्षात ठेवतं आणि सोडल्याचा संदेश त्याच वाद्याला देतं. सस्टेन पेडलचंही तसंच आहे. पेडल दाबलेलं असताना पॅच बदलला आणि पेडल सुटल्याचा संदेश जुन्या वाद्यापर्यंत गेलाच नाही, तर तो सूर लटकतो. तुमचं सॉफ्टवेअर हे कसं हाताळतं ते घरी एकदा मुद्दाम करून पाहा: पेडल दाबा, चार सूर धरा, पॅच बदला, मग पेडल सोडा. सूर लटकलाच तर कंट्रोल चेंज नावाच्या मिडी संदेशांपैकी १२० क्रमांकाचा सगळा आवाज बंद करतो आणि १२३ क्रमांकाचा धरलेले सगळे सूर सोडायला सांगतो. बऱ्याच होस्टमध्ये यासाठी पॅनिक बटण असतं. ते कीबोर्डवरच्या एखाद्या पॅडला जोडून ठेवा.

रिव्हर्बचं, म्हणजे आवाजामागे राहणाऱ्या गुंजेचं, तर कोणी बोलतच नाही. रिव्हर्ब प्रत्येक पॅचमध्ये वेगळा लावला असेल तर काही होस्टमध्ये पॅच बदलताच जुन्या पॅचची मागे राहिलेली गुंजही बंद होते, आणि कानाला तो तुटलेपणाच वाटतो. रिव्हर्ब सगळ्या पॅचच्या वर, एकाच जागी ठेवा. मेनस्टेजमध्ये कॉन्सर्टच्या पातळीवर, गिग परफॉर्मरमध्ये ग्लोबल रॅकस्पेसमध्ये. मग व्हायोलिन थांबलं तरी त्याची गुंज बासरीखाली हळूहळू विरते. सगळी वाद्यं एकाच सभागृहात वाजल्यासारखी वाटतात, हा आणखी एक फायदा.

आणि हार्डवेअरवर आवाज तुटत नव्हता का? वर्षानुवर्षं तुटत आला. म्हणून तर यामाहाने २०१६ मध्ये माँटाज आणला तेव्हा टोन बदलताना आवाज सलग राहतो हे वैशिष्ट्य म्हणून सांगितलं, आणि तेही आठ पार्टपर्यंतच्या (एकत्र लावलेल्या आठ आवाजांपर्यंतच्या) परफॉर्मन्ससाठी. जुन्या कीबोर्डवर वादक सूर सोडून, श्वासाएवढी जागा धरून टोन बदलायचे. अनेक जण आजही तसंच करतात.

आता १२८ चा मुद्दा. मिडीचा प्रोग्राम चेंज ० ते १२७ एवढेच आकडे नेतो, हे बरोबर. पण त्याआधी कंट्रोल चेंज ० आणि ३२ पाठवून बँक निवडता येते. अशा १६,३८४ बँका होतात आणि प्रत्येकीत १२८ टोन. ही सगळी सोय एकाच चॅनेलवर, आणि चॅनेल सोळा. मर्यादा असलीच तर ती वादकाच्या स्मरणशक्तीची. गोंधळ होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. काही यंत्रं पहिला टोन ० म्हणून दाखवतात, काही १ म्हणून. जनरल मिडीच्या यादीत सतार १०५ वर आहे आणि सनई ११२ वर, पण तारेवरून प्रत्यक्षात जाणारे आकडे १०४ आणि १११ असतात. सतार मागितली आणि बँजो आला, तर बिघाड शोधत बसू नका, एक वाढवायचा की कमी करायचा एवढं बघा.

प्लगइन दाद देत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे. व्हीएसटी३ या प्लगइनच्या प्रकारात प्रोग्राम चेंज साध्या मिडी संदेशासारखा प्लगइनपर्यंत पोहोचत नाही. प्लगइनने प्रोग्रामची यादी स्वतंत्र पॅरामीटर म्हणून मांडलेली असेल तरच होस्टला तो पुढे देता येतो, आणि सगळे प्लगइन तशी यादी मांडत नाहीत. पण प्रोग्राम चेंज प्लगइनला द्यायचाच कशाला? तो होस्टने घ्यावा आणि होस्टने पॅच बदलावा. उलट जो प्लगइन तो ऐकतो त्याच्यापासून तो अडवून ठेवावा. नाहीतर होस्ट पॅच बदलतो, आणि तोच संदेश आत गेल्याने प्लगइनही स्वतःचा प्रीसेट बदलून बसतो. तुम्ही पियानो म्हणून बोट ठेवता आणि भलतंच काहीतरी वाजतं. होस्टच्या मिडी इनपुटवर प्रोग्राम चेंज गाळण्याची सोय असते, ती वापरा.

रॅमचा मुद्दा पटकन निकालात निघतो. चाळीस गाणी म्हणजे चाळीस पियानो नव्हेत. तोच पियानो, तीच व्हायोलिनं, तीच हार्मोनियम पुन्हा पुन्हा येते. मेनस्टेजमध्ये एकदा उघडलेल्या वाद्याचा एलिअस (त्याच वाद्याकडे बोट दाखवणारी नोंद) करून तो हव्या तितक्या पॅचमध्ये वापरता येतो. कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर डिस्कवरून वाजवण्याच्या पद्धतीत प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतो आणि उरलेलं वाजवताना डिस्कवरून ओढतो. त्यासाठी एसएसडी मात्र हवीच. तरीही जागा कमी पडली तर गिग परफॉर्मरमध्ये चालू गाण्याच्या आसपासचेच रॅकस्पेस भरून ठेवण्याची सोय आहे.

चौथा मुद्दा क्रमाचा आणि पट्टीचा. हा मला सगळ्यात जवळचा, कारण आपल्या कार्यक्रमांत ठरलेलं कधीच तसंच्या तसं होत नाही. निवेदक दोन गाणी वगळतो, प्रेक्षकांतून फर्माईश येते, वन्स मोअर मिळतो. पायाच्या बटणाने एकापाठोपाठ एक पुढे जाणारी यादी केली आणि एक पाऊल चुकलं, तर पुढची सगळी गाणी एका पॅचने सरकतात. म्हणून दोन पद्धती एकत्र ठेवायच्या. गाणं निवडायला थेट आकडा: कीबोर्डवरच्या पॅडला किंवा बटणाला गाण्याचा प्रोग्राम चेंज नेमून द्यायचा, म्हणजे कुठूनही कुठेही जाता येतं. गाण्याच्या आत मात्र पायाने पुढे जायचं: प्रस्तावनेचं संतूर, मुखड्याखालची हार्मोनियम, पहिल्या म्युझिकची व्हायोलिनं, त्यातला बासरीचा तुकडा, पुन्हा हार्मोनियम. पाऊल चुकलं तरी नुकसान त्या गाण्यापुरतंच राहतं. माउसला हातही लागत नाही.

पट्टीसाठी तर सॉफ्टवेअर जास्त सोयीचं. गायिका म्हणाली, आज घसा बसलाय, काळी दोनऐवजी पांढरी दोनमधून घेऊया. मिडी कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं तर संपूर्ण कीबोर्ड अर्ध्या स्वराने सरकतो, आणि त्यासोबत स्प्लिटची (कीबोर्डचे दोन भाग करून दोन वाद्यं लावतो तिथली) जागाही सरकते. कॉन्टॅक्टमधल्या अनेक वाद्यांत अगदी खालचे सूर वाजत नाहीत, ते वादनाची तऱ्हा बदलतात: लांब गज, तुटक गज, बोटाने छेडणं. हे कीस्विचही एका घराने हलतात, आणि व्हायोलिन लांब गजाऐवजी तुटक वाजू लागतं. म्हणून ट्रान्सपोज होस्टमध्ये करा, स्प्लिट झाल्यानंतर, आणि कीस्विचचा पट्टा त्यातून वगळा. ते त्या गाण्यापुरतं नोंदवून ठेवलं की पुढचं गाणं आपोआप स्वतःच्या पट्टीत सुरू होतं. अरेंजर (साथीचा ताल स्वतः वाजवणाऱ्या) कीबोर्डच्या रजिस्ट्रेशनमध्येही, म्हणजे टोन आणि सेटिंगच्या साठवलेल्या नोंदीतही, ट्रान्सपोज साठवता येतो, हे खरं आहे. पण तिथे गाण्याच्या प्रत्येक रजिस्ट्रेशनमध्ये तो आकडा वेगळा बदलावा लागतो, इथे गाण्यापाशी एकदाच.

राहिला लॅपटॉप बंद पडण्याचा मुद्दा. धोका आहे, मी तो नाकारत नाही. पण ‘कीबोर्ड पडत नाही’ हे विधान कशाच्या जोरावर? २०११ चा कॉर्ग क्रोनॉस हा इंटेलच्या प्रोसेसरवर, लिनक्सवर आणि एसएसडीवर चालणारा संगणकच आहे. फरक असा की कॉर्गने त्यावर दुसरं काहीच चालू दिलेलं नाही. तेच आपल्या लॅपटॉपवर करायचं. वायफाय आणि ब्लूटूथ बंद, अपडेट थांबवलेले, झोपेची सेटिंग बंद, विंडोजवर यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. बफर (आवाज बाहेर जाण्याआधी संगणक धरून ठेवतो तो साठा) घरी १२८ ठेवा आणि स्टेजवर २५६. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे ५.८ मिलिसेकंद, हाताला ते जाणवत नाही, आणि प्रोसेसरला दम मिळतो. चार्जर लावल्यावर गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारी कळ) असलेला डीआय बॉक्स साउंडवाल्याकडे मागा.

आणि गणपतीच्या मांडवात वाजवणाऱ्याला हे सांगायला नको: जनरेटर बदलताना लाइट जाते. अडॅप्टरवरचा कीबोर्ड बंद होतो, पुन्हा चालू होतो आणि पहिल्या टोनवर उभा राहतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, त्याच्या यूएसबीवर चालणारं ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे देणारं यंत्र) आणि मिडी कीबोर्डही. लाइट आली की साउंड परत येतो आणि तुमचा पॅच जिथे होता तिथेच असतो.

तरीही पर्याय हवाच. मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलवर एक छोटा कीबोर्ड हार्मोनियमच्या टोनवर लावून ठेवा. त्याला मिडी इन असेल तर होस्टमधून प्रत्येक गाण्यासोबत त्यालाही प्रोग्राम चेंज पाठवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा त्याच्यावर योग्य टोन आधीच आलेला असेल. ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या दादांची परवानगी असेल तर त्यांचा किटही याच वाटेने गाण्याबरोबर बदलता येतो. फक्त त्यांच्या यंत्राचा मिडी चॅनेल वेगळा ठेवा, आणि साउंड चेकलाच पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळे बदल एकदा दोघांनी मिळून दाबून बघा.