मावशी, त्या खोक्यात पन्नास हजार डॉलर नाहीत

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात तळघरातून एक खोका वर आणला. माझा मावसभाऊ लहान असताना, १९९७ मध्ये, मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मीलसोबत, म्हणजे मुलांसाठीच्या खाण्याच्या डब्यासोबत, मिळालेले टीनी बीनी बेबीज, म्हणजे आत दाणे भरलेली छोटी कापडी खेळणी, त्यात आहेत. पॅटी प्लॅटिपस, पिंकी फ्लेमिंगो, क्वॅक्स बदक, स्नॉर्ट बैल, सगळे दहाच्या दहा, टॅगसकट.

खोका वर आला तो महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका मेसेजमुळे. त्यात लिहिलंय: ही खेळणी आता दुर्मिळ आहेत; टॅगवर स्पेलिंगची चूक असेल तर एकेकाचे पाच हजार डॉलर येतात; खात्री हवी तर ईबेवर, म्हणजे जुन्या-नव्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर, भाव बघा; विकायची घाई नको, भाव वाढतच जाणार; आणि आधी खालच्या लिंकवर प्रत्येक खेळण्याचे ४९ डॉलर भरून अस्सलतेचं सर्टिफिकेट घ्या. मावशीने फोन केला तेव्हा कार्ड तिच्या हातात होतं. ४९० डॉलर!

मला सर्वांत जास्त राग या सर्टिफिकेटचाच आलाय. जे खेळणं जुन्या बाजारात दोन-चार डॉलरला मिळतं, त्याच्या अस्सलपणाला ४९ डॉलर कशासाठी मोजायचे? अस्सल निघालं तरी किंमत तीच राहणार. मावशीची खेळणी खोटी आहेत असं कुणी म्हणतच नाहीये. ती अस्सल आहेत आणि स्वस्त आहेत. शिवाय नुसत्या फोटोवरून टॅग, शिवण, आतले दाणे कोण कसं तपासणार? या सगळ्या मेसेजमध्ये पैसे हातातून जाणार हे नक्की असलेली जागा एकच आहे, ती लिंक. बाकीचा मजकूर तिथपर्यंत नेण्यासाठी लिहिलाय.

आता 'दुर्मिळ'. ११ एप्रिल १९९७ ला हॅपी मीलसोबत ही खेळणी द्यायची योजना सुरू झाली तेव्हा मॅकडोनाल्ड्सने सुमारे १० कोटी खेळणी बनवून घेतली होती. हा आकडा त्याच वेळी अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून आलाय. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या २७ कोटींच्या आसपास होती, म्हणजे दर तीन माणसांमागे एक खेळणं. पाच आठवडे चालायची योजना दोनेक आठवड्यांत आटोपली, कारण लोकांनी ढिगाने हॅपी मील घेतले, खेळणं काढून घेतलं आणि खाणं टाकून दिलं. रांगा खऱ्या होत्या, टंचाईही खरी होती, पण ती दुकानातली. खेळणी संपली म्हणजे नाहीशी झाली नाहीत, ती घराघरांतल्या खोक्यांत गेली. आणि हौशी लोकांनी ती वापरलीच नाहीत, पिशवीसकट जपली, त्यामुळे आजही कोरी मिळतात. पुढच्याच वर्षी १२ प्राण्यांचा नवा संचही आला.

स्पेलिंगच्या चुकीचं म्हणाल तर टॅग छापखान्यात गठ्ठ्याने छापले जातात. एका टॅगवरची चूक हजारो टॅगवर असते.

ईबेवरचे भाव मीही पाहिले. कुणीतरी पाच हजार मागितलेत हे खरं. मागायला कुणाची बंदी आहे? 'सोल्ड आयटम्स' हा पर्याय निवडला की प्रत्यक्ष काय मोजलं गेलं ते दिसतं. मावशीला फोनवर तेच करायला लावलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक मात्र मान्य करावं लागेल. बीनी बेबीज बनवणाऱ्या टाय कंपनीच्या मूळ, मोठ्या खेळण्यांपैकी अगदी सुरुवातीचे काही नमुने आजही खरोखर महाग जातात. गडद निळा पीनट हत्ती त्यातला. १९९७ मध्ये ऐन भरात ज्यांनी टीनी विकले त्यांनाही पैसे मिळाले. पण हॅपी मीलमधला बदक म्हणजे पीनट नव्हे, आणि मेसेजवाल्याने नेमकी हीच सरमिसळ केलीय.

भाव वाढतच जाणार म्हणे! १९९९ मध्ये टायने उत्पादन बंद करतो असं जाहीर केलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. नंतर कंपनीने खेळणी बनवणं चालूच ठेवलं आणि भाव कोसळले.

मावशीने पैसे भरलेले नाहीत. पण मंडळातल्या दोघींनी भरलेत असं ती म्हणाली. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: ज्या कार्डावरून पैसे गेले त्या बँकेला आजच फोन करा, व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि ते कार्ड बदलून घ्या.