ढोलीचे वय रोपांनी भरून निघत नाही

मेलबर्नच्या ईशान्येस तूलांगीच्या जंगलात एका रात्री आम्ही काही जण टॉर्च घेऊन हळूहळू चालत होतो, तेव्हा उंच निलगिरीच्या फांदीवर दोन डोळे लख्ख चमकले. ग्रेटर ग्लायडर होता. मांजराएवढा, दाट लोकरीचा, शरीराहून लांब शेपटी खाली सोडून बसलेला हा पोटपिशवीचा प्राणी काही वेळ पाने खात राहिला. मग पुढचे पंजे हनुवटीखाली घेऊन, कोपरापासून घोट्यापर्यंतचा कातडीचा पडदा ताणून त्याने झेप घेतली आणि समोरच्या खोडावर धप्पकन टेकून तो सरसर वर चढला. अशा एका झेपेत तो 100 मीटरपर्यंत अंतर कापू शकतो. पण उजाडले की त्याला ढोलीच लागते, तीही एक नव्हे, आलटूनपालटून वापरायला अनेक. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीत. बुरशी, वाळवी आणि वणवा यांनी खोड आतून पोखरले तरच ढोली तयार होते आणि त्याला निलगिरीची दीडशेच्या आसपास वर्षे जातात.

आपल्याकडच्या वृक्षतोडीच्या वादांत हे वय मला सतत आठवते. महाराष्ट्रात 2021 साली वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार शहरांतले 50 वर्षांवरील झाड ‘हेरिटेज’ ठरते आणि ते तोडायचे असेल तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. जुन्या झाडाला कायद्याने मान दिला, हे मी मनापासून स्वागतार्ह मानतो. परंतु शंभर वर्षांच्या वडाची भरपाई शंभर रोपांनी होते हा हिशेब मला पटत नाही, कारण रोपाला ढोली नसते आणि ती येईपर्यंत खार, पिंगळा, पोपट यांच्या कित्येक पिढ्या बेघर होतात.

इथे ऑस्ट्रेलियात सारे आदर्श आहे असेही नाही. लेडबीटर्स पॉसम हा ढोलीतच राहणारा, मुठीत मावेल एवढा प्राणी नामशेष झाला असे मानले जात असताना 1961 साली पुन्हा सापडला, 1971 साली व्हिक्टोरिया (मेलबर्न ज्यात आहे ते राज्य) या राज्याचा राज्यप्राणी झाला, तरीही त्याच्या जंगलातली लाकूडतोड पुढे कित्येक दशके चालूच राहिली. 2009 च्या वणव्यात त्याच्या अधिवासाचा मोठा भाग जळाला. अखेर 2022 साली न्यायालयाने, तोडीपूर्वी ग्लायडर शोधून त्यांचे संरक्षण करा, असा आदेश दिला आणि 1 जानेवारी 2024 पासून राज्याने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली. रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्या साध्या माणसांच्या नोंदी त्या खटल्यामागे होत्या, आणि आपण घ्यावे ते नेमके हेच.

कोकणातल्या रानात जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला चिणून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. असे झाड तोडण्याच्या अर्जात रोपांच्या आकड्याआधी त्याच्या ढोल्यांची आणि त्यांत राहणाऱ्या जिवांची नोंद असली पाहिजे, आणि ती रात्री व विणीच्या हंगामात तिथे जाऊन केलेली असली पाहिजे.