उणे चार सेंटिमीटर

आमच्या सोसायटीच्या तंदुरुस्ती शिबिरात माझी लवचिकता ‘उणे चार सेंटिमीटर’ भरली आणि ती ध्वनिक्षेपकावरून जाहीरही झाली. हृदय-श्वसनक्षमता, स्नायूंची ताकद, त्यांचा दमदारपणा, लवचिकता आणि शरीराची घडण अशा पाच घटकांची तपासणी होती. पैकी मुठीची पकड मोजताना मी माझ्या वयोगटात सरस ठरलो, पण ते कागदावरच राहिले.

पाय सरळ पसरून बसायचे, तळवे लाकडी खोक्याला टेकवायचे आणि गुडघे न वाकवता वरच्या पट्टीवरून बोटे पुढे सरकवायची; पावलांच्या रेषेवर शून्य, अलीकडे अडलात तर उणे. त्याआधी अंग मोकळे करून घ्यावे असा नियम आहे, पण आमच्याकडे त्या वेळात अध्यक्षांचे भाषण झाले आणि तेही आम्ही बसूनच ऐकले.

मी जेमतेम वाकलो, तोच तळमजल्यावरचे काका खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

“गुडघा! डावा गुडघा उचलला!”

“काका, जरा श्वास तरी घेऊ द्या.”

“वाकताना श्वास सोडायचा असतो, घ्यायचा नाही. म्हणून तर अडलात. आमच्या शाळेत कपाळ गुडघ्याला लागल्याशिवाय सर सोडत नसत.” एवढे बोलून त्यांनी छत्रीचे टोक माझ्या गुडघ्यावर दाबून धरले. “हं, आता जा पुढे.”

“तुमचे किती आले?” मी त्याच अवस्थेत विचारले.

“छे, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे,” असे म्हणत त्यांनी माझ्यासाठी ठेवलेले लिंबूसरबत उचलले.

वेल्स आणि डिलन यांनी 1952 साली मांडलेली ही चाचणी मुख्यतः मांडीमागच्या स्नायूंचा ताण जोखते, कंबरेविषयी फारसे सांगत नाही. आणि ज्याचे पाय लांब व हात आखूड, तो वाकण्यापूर्वीच तोट्यात जातो. पाठ भिंतीला टेकवून हात पुढे केल्यावर बोटे जिथे पोचतात तिथे शून्य धरणारी सुधारित पद्धत याच कारणासाठी निघाली. ती वापरा, असे मी प्रशिक्षक मुलीला सुचवले, तेव्हा ती म्हणाली, “सर, मागे लाइन आहे.” लांब पायांचा माणूस ताठर ठरवायचा आणि वर तसे प्रमाणपत्र त्याच्या हाती द्यायचे, याला तपासणी म्हणत असतील तर म्हणोत.

संध्याकाळी निकालाचा तक्ता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला आणि त्याखाली काकांनी लिहिले, ‘गुडघा उचललेला होता, तो धरलेला दिसत नाही.’