फ्लूच्या ‘गुप्त आराखड्या’बद्दल खुलासा

नागपुरातल्या कॉलनी आणि शाळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘सरकारने फ्लूच्या महामारीचा आराखडा केलाय, म्हणजे साथ येणार हे ठरलंय. गोरेवाड्याचे वाघ त्यानेच मेले. टॅमीफ्लू आणून ठेवा.’

आराखडा असतो, पण त्यात गुप्त काही नाही. देशांनी अशी तयारी ठेवावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच मार्गदर्शिका काढली होती. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ मध्ये फ्लूच्या महामाऱ्या येऊन गेल्या. नव्या विषाणूवरची लस हाती यायला पाच-सहा महिने लागतात. तोवर रुग्ण कुठे ठेवायचे, नमुने कुठे तपासायचे, नर्स-डॉक्टरच आजारी पडले तर दवाखाना कोण चालवणार, हे आधी ठरलेलं नसेल तर माणसं हकनाक जातात. मला तर आराखडा नसता तर जास्त भीती वाटली असती.

गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, हे खरं. पण तो विषाणू माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही, आणि महामारी व्हायला नेमकं तेच लागतं.

टॅमीफ्लू हे फ्लूवरचं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध आहे. ते घरोघरी साठवलं, तर एखाद्या गरोदर बाईला किंवा दमेकऱ्याला गरजेच्या दिवशी मिळणार नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.