वासाचा आळ

रोटोरुआची पाटी दिसायच्या जरा आधी गाडीत वास आला. सडक्या अंड्यांचा. जावई गाडी चालवत होते. त्यांनी अक्षरही न बोलता आपल्या बाजूची काच चार बोटं खाली केली. बाहेर जुलै, म्हणजे न्यूझीलंडातला ऐन हिवाळा. मागून लेक ओरडली, "बाबा!" बायको नुसतं "अहो" म्हणाली, पण पस्तीस वर्षांचा अनुभव त्या दोन अक्षरांत होता.

"हायड्रोजन सल्फाइड," मी म्हणालो. "इथे जमिनीतूनच येतो." मुद्देमालासकट सापडलेल्या माणसाचं ऐकावं, तसं तिघांनी ऐकून घेतलं.

आम्ही निघालो होतो तिथल्या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, गावाला. इंग्रजी अक्षरांवरून मी तीन दिवस 'व्हाका, व्हाका' करत होतो. माओरीत त्या 'Wh' अक्षरांचा उच्चार फ होतो. म्हणजे फाकारेवारेवा. आणि हे म्हणे सुटसुटीत नाव! पूर्ण नाव 'ते फाकारेवारेवातांगा ओ ते ओपे तौआ अ वाहिआओ'. त्यात वाहिआओच्या लढवय्यांची फौज आहे आणि तिचं जमणंही आहे. गावकरी शहाणे, ते 'फाका' म्हणतात. त्या दिवशी नेमकी आषाढी एकादशी होती आणि बायकोचा कडक उपास. एकादशीला फाका, यापरतं शोभणारं नाव कुठलं?

गाव दाखवणाऱ्या बाईंनी 'किया ओरा' म्हणून स्वागत केलं आणि होंगीसाठी पुढे झाल्या. होंगी म्हणजे कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून एका श्वासात सामील व्हायचं. मी सवयीने हात जोडून वाकलो, त्याच क्षणी त्यांचं नाक पुढे आलं, आणि माझ्या चष्म्याची कड त्यांच्या भुवईवर आपटली. दुसऱ्या वेळी काचांवर वाफ धरली होती. अंदाजाने गेलो तो थेट गालावर. बाई मनमोकळं हसल्या. बायको हसली नाही.

पुढे मात्र मी गप्प झालो. 10 जून 1886 च्या रात्री तारावेरा हा ज्वालामुखी डोंगर फुटला, तूहोरांगी या माओरी लोकांची गावं गाडली गेली, जगभरचे पाहुणे बघायला यायचे ते गुलाबी-पांढरे दगडी टप्पेही गेले. वाचलेल्यांना इथल्या नातेवाइकांनी आसरा दिला. पाहुण्यांना वाट दाखवायचा या लोकांचा धंदा त्या रात्रीहून जुना आहे. घरांच्या मधून वाफा निघतात, अंगणाला कुंपण असतं ते आतल्या उकळत्या डबक्यात कुणी पडू नये म्हणून. जमीन इतकी तापलेली की थडगीसुद्धा वर बांधतात, खाली खणत नाहीत. पोहुतू नावाचा गरम पाण्याचा नैसर्गिक फवारा तीस मीटरपर्यंत उडतो. शहरात बोअर मारून मारून लोकांनी गरम पाणी उपसलं, तसे फवारे मलूल झाले. मग 1980 च्या दशकात सरकारने पोहुतूभोवतालच्या दीड किलोमीटरातल्या बोअर बंद करायला लावल्या आणि ते पुन्हा उसळले. (हे वाचून आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना काही सुचलं तर बरं.)

जेवण जमिनीच्या वाफेवर. लाकडी पेटीत मेंढी, कोंबडी, कोबी आणि कुमरा एकत्र ठेवायचं, वर झाकण. गॅसचं बिल नाही. कुमरा म्हणजे रताळं! माओरींचे पूर्वज होड्यांतून समुद्र ओलांडून आले, तेव्हा सोबत आणलेलं. बायकोचा चेहरा खुलला, रताळं उपासाला चालतं. मग तिने पेटीत वाकून पाहिलं.

"मेंढीच्या शेजारी वाफवलेलं चालतं का हो?"

हा प्रश्न पंढरपुरातही कुणी सोडवला नसेल. लेकीने फोनवर शोधलं, मी "देव भावाचा भुकेला" वगैरे म्हणून पाहिलं. शेवटी बायकोने डब्यातले शेंगदाण्याचे लाडू काढले आणि आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. टाकायचं कसं? दोन्ही ताटांतली रताळी आणि दोन्ही ताटांतला कोबी मी एकट्याने संपवला.

निघताना माझं लक्ष अंगठीकडे गेलं. ज्योतिषाने सांगितलेला चांदीतला मोती. चांदी पार काळवंडली होती. मी हात तिघांच्या नाकासमोर नाचवला. "बघा! गंधकाचा वायू! सकाळी काय म्हणत होतो?" जावयांनी माफी मागितली. बायकोसुद्धा म्हणाली, "उगाच तुमच्यावर घेतलं."

ऑकलंडच्या वाटेवर शंभरेक किलोमीटर झाले असतील. काळोख, थंडी, सगळ्या काचा बंद. आणि वास आला.

"कपड्यांत बसलाय गंधक," लेक पेंगत म्हणाली.

"स्वेटर धुवावे लागणार," जावई म्हणाले.

मी काळी अंगठी फिरवत खिडकीबाहेर बघत राहिलो.