कॉम्प्युटर की नेव्ही?

निकाल लागले, कोकण बोर्ड नेहमीप्रमाणे राज्यात पहिलं आलं, अभिनंदनाचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून झाले. आता पुढचा अंक सुरू झालाय. "म्याडम, झिलाक खंय घालूचो?"

मी तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीचा क्लास चालवते. त्यामुळे कॉम्प्युटर, ऑनलाइन फॉर्म आणि मुलांचं भविष्य या तिन्ही गोष्टी मला सारख्याच कळतात असा लोकांचा समज आहे. पहिल्या दोन कळतात. तिसऱ्याबद्दल, पोरांच्या शेजारी बसून फॉर्म भरताना आणि जाहिराती शेवटच्या ओळीपर्यंत वाचताना जे लक्षात आलं ते एकदाच लिहून टाकते. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते.

सध्या प्रश्न येतो तो असा: कॉम्प्युटरला घालू की नेव्हीत पाठवू? नेव्हीचं वेड आपल्याकडे होतंच, पण ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीला झाला आणि आपल्याच समुद्रात युद्धनौका उभ्या राहिल्या, त्यानंतर ते फारच वाढलं. दुसरीकडे, पोरगा दिवसभर मोबाइलवर असतो म्हणून तो कॉम्प्युटरमध्ये हुशार असणार, हाही आईवडिलांचा ठाम विश्वास. (दिवसभर मोबाइलवर असणारा पोरगा मोबाइलमध्ये हुशार असतो. बस्स.)

मला वाटतं हा प्रश्नच अर्धवट आहे. कॉम्प्युटर आणि फौज यातलं एक सोडावंच लागतं असं नाही. दोन्हींची वेळापत्रकं मात्र वेगळी आहेत. प्रोग्रामिंग माणूस पस्तिशीतही शिकू शकतो, माझ्याकडे शिकलेत. गणवेशाचं वय म्हणजे वस्तीची एस्टी. सुटली की सुटली. म्हणून आधी वयाचं आणि विषयांचं गणित मांडा, शाखेचं नाव नंतर.

सुरुवात दहावीनंतरच होते. एनडीएला, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीला, वय लागतं साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि बारावी. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. आता आपल्याकडे काय होतं? दहावीला बरे मार्क पडले की मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमा. फी कमी, घर जवळ, पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कॉम्प्युटरसाठी हा रस्ता उत्तम आहे, मी स्वतः कितीतरी मुलांना तो सुचवते. पण डिप्लोमा म्हणजे बारावी नाही, आणि बारावी नाही म्हणजे एनडीए गेलं. हे प्रवेश घेताना कोणी बोलत नाही. मुलाच्या मनात एनडीए असेल तर त्याला अकरावी सायन्सच लागेल. उलट हवाई दलाच्या अग्निवीर भरतीत तीन वर्षांचा कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा चालतो. म्हणजे तोच डिप्लोमा एका भरतीत नापास, दुसऱ्या भरतीत पास.

दुसरी गंमत मॅथ्सची. अकरावीला "मॅथ्स कठीण जाता" म्हणून ते सोडून बायोलॉजी घेणारी आणि नंतर बीएस्सी आयटीचा फॉर्म भरायला माझ्याकडे येणारी मुलं दरवर्षी असतात. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला बारावीचं गणित लागतं. म्हणजे गणित सोडलं की एनडीएतलं नौदल आणि हवाई दल तर गेलंच, ज्या कॉम्प्युटरसाठी हा सगळा खटाटोप, त्याचाही मोठा भाग गेला. आणि बीसीए तरी सोपं म्हणाल, तर २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे.

आणि डोळे. कृपा करून डोळे आधी तपासा. चष्म्याचा नंबर किती चालतो ते प्रत्येक एंट्रीत वेगळं असतं, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. रंगांचं कोणी बघत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एक पातळ पुस्तक असतं, पानभर रंगीत ठिपके आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. माझ्या क्लासच्या एका मुलाला त्यातल्या बऱ्याच पानांवर आकडाच दिसला नाही. तो मुलगा पहाटे उठून किनाऱ्यावर धावायचा, पुलअप्स मारायचा, भरतीची पुस्तकं पाठ होती. लाल-हिरव्याचा घोळ असतो तो पळून जात नाही, औषधाने बरा होत नाही, आणि मेडिकलला हमखास पकडला जातो. नववी-दहावीत पाच मिनिटांत कळणारी गोष्ट त्याला बारावीनंतर कळली. आज तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, चांगला पगार आहे. पण मधलं वर्ष त्याने कसं काढलं ते मी बघितलंय.

आता अग्निवीर, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००, पण त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. सरकार तेवढीच रक्कम घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतात. पेन्शन नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

यावरून आपल्याकडे एक हिशेब तयार झालाय. बारावी झाली की अग्निवीर, बाविसाव्या वर्षी अकरा लाख घेऊन परत, मग त्या पैशात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कागदावर झकास दिसतं. बँकेचं कर्ज नको, बापाची जमीन विकायला नको. मी या हिशेबाला सरसकट नावं ठेवणार नाही. ज्या घरात फीसाठी खरोखरच पैसे नाहीत आणि पोरगं मनापासून गणवेशासाठी वेडं आहे, तिथे हा रस्ता मला मान्य आहे. पण बाकीच्यांनी थोडं थांबून विचार करावा. चार वर्षं इंटिग्रेशन, मॅट्रिक्स यांचं तोंड न बघता बाविसाव्या वर्षी सीईटीला बसायचं, मग अठराच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षाला बसायचं, डिग्री हातात येईपर्यंत सव्वीस. जमतं, पण त्याला जिद्द लागते, आणि मधल्या काळात त्या अकरा लाखांतून घराची कौलं, बहिणीचं लग्न, होडीचं इंजिन असं काहीतरी निघतंच. तुमच्या-माझ्या घरातली गोष्ट आहे, लाजायचं काय त्यात. नोकरीत असतानाच इग्नूची पदवी घेता येते, तिच्यात निम्मे क्रेडिट प्रशिक्षणाचेच धरतात. घ्यावी जरूर. फक्त ती कॉम्प्युटर इंजिनिअरची डिग्री नव्हे, हे भरतीच्या आधी समजून घ्यावं.

आणि "फौजेत कॉम्प्युटरवरच काम देतत" म्हणून जाणाऱ्यांनी तर नीट ऐका. माझा थोरला भाऊ सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागातून, हवालदार होऊन निवृत्त झाला. जबलपूरला ट्रेनिंग, नंतर कुठे कुठे पोस्टिंग. त्याला विचारलं, तू कॉम्प्युटरवर काय करायचास? म्हणाला, "पहिली कित्येक वर्षं केबल ओढली. थंडीत, बर्फात. कॉम्प्युटर त्या केबलीच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथे साहेब बसायचे." भरती झाल्यावर कुठला ट्रेड मिळणार, कुठे पाठवणार, हे तुमच्या आवडीवर ठरत नाही. जागा किती, मार्क किती, गरज कुठे, यावर ठरतं. ज्याला खलाशी किंवा जवान व्हायचंय त्याने बिनधास्त जावं. ज्याला कोड लिहायचाय त्याने या दाराने जाऊ नये.

त्याच्यासाठी दुसरं दार आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. आधी डिग्री, मग अधिकारी. नौदलात शॉर्ट सर्व्हिस कमिशनची आयटीची एंट्री निघते. कॉम्प्युटर किंवा आयटीची बीई-बीटेक, एमएस्सी, किंवा बीसीए-बीएस्सीवर एमसीए, ६० टक्के. वय पंचविशीच्या आतबाहेर, एसएसबीची, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची, मुलाखत, मग केरळात एळीमलाच्या नौदल अकादमीत प्रशिक्षण. नोकरी दहा वर्षांची, चौदापर्यंत वाढते. नुसती बीएस्सी आयटी इथे पुरत नाही हे लक्षात ठेवा. आणि एक अट अशी, जी वाचून मी खुर्चीतच नीट बसले: दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ६० टक्के. मुलगा एमसीए होऊन येतो आणि त्याला अडवतात दहावी-बारावीचे इंग्रजीचे मार्क! मराठी माध्यमाच्या मुलांना साठ टक्के अजिबात अवघड नाहीत, पण "पास झालं की झालं" म्हणून त्या पेपरकडे बघतात त्यांनी विचार करावा.

बारावीनंतर लगेच जायचं तर नौदलाची बीटेक कॅडेट एंट्री आहे. जेईई मेनच्या रँकवर बोलावतात, पीसीएमला ७० टक्के लागतात, चार वर्षं एळीमलाला शिक्षण, खर्च सगळा नौदलाचा. आपल्याकडची हुशार मुलं फक्त सीईटी देतात आणि जेईई मेन "आपल्यासाठी नाही" म्हणून सोडून देतात. फॉर्म तरी भरा. एनडीएतही सैन्याच्या कॅडेटना बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स घेता येतं, पदवी जेएनयूची. तयारीसाठी क्लासवाल्यांना लाखभर देण्याआधी छत्रपती संभाजीनगरची सरकारी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था बघा, १९७७ पासून चालू आहे, दहावीनंतर प्रवेश परीक्षा. आणि एजंटला एक पैसाही देऊ नका. मर्चंट नेव्हीच्या नावाने फिरणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका.

एक अवांतर. सैन्याचं दूरसंचार आणि कॉम्प्युटरचं मोठं कॉलेज महूला आहे. बाबासाहेबांचा जन्म त्याच महूचा, कारण त्यांचे वडील रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिकवत होते. आणि सकपाळांचं मूळ गाव आपल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. फौजेत जाऊन शिक्षणाची वाट काढणं ही आपल्या किनाऱ्याला कालपरवा सुचलेली कल्पना नाही.

नुसतं कॉम्प्युटर करायचं ठरलं असेल तर माझं मत थोडक्यात: शाखेच्या नावात एआय आहे की डेटा सायन्स आहे यावर भांडू नका, पहिली दोन वर्षं बहुतेक तेच शिकवतात. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात मिळत असेल तर मुंबईच्या कुठल्यातरी टॉवरमधल्या कॉलेजसाठी जीव टाकू नका. शिकवायला माणसं आहेत का, लॅब संध्याकाळी उघडी असते का, एवढं तिथल्याच मुलांना विचारा. "एआयमुळे नोकऱ्या जातले" म्हणून घाबरवणारे काका गणपतीला येतील, त्यांना मोदक द्या.

मुलींबद्दल. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण शुल्क पूर्ण माफ केली आहे. एनडीएची दारं त्यांना २०२२ मध्ये उघडली, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेरही पडली. नाशिकला मुलींसाठी सरकारी पूर्वशिक्षण संस्था आहे. तरी माझ्याकडे मुलीला घेऊन येणारे वडील विचारतात, टायपिंगचा कोर्स कितीचा?

यंदा बारावीला गेलेली एक मुलगी आहे. गणितात पक्की, पायथॉन माझ्याकडेच शिकली, शाळेत एनसीसी. तिला एनडीएतून कॉम्प्युटर सायन्स करायचंय. वडील म्हणाले, "बघूया, इचार करून सांगतंय." परवा दुपारी ती एकटीच क्लासवर आली आणि आम्ही फॉर्म भरून टाकला. सेंटर पणजी. मुलींना फी नाही, त्यामुळे वडिलांकडे पैसे मागायची वेळच आली नाही.